‘अजून थोडं जवळ घ्या’ : हवाई चित्रीकरणात दोन यंत्रं शेजारी उडतात तेव्हा

पडद्यावर एक छोटं विमान अगदी शेजारी दिसतं. खाली सुवर्णदुर्गाचा तट, पलीकडे हर्णैचं बंदर, आणि विमान जागचं हलत नाही. शेपटीवरचा क्रमांक वाचता येतो, वैमानिकाचा चेहरासुद्धा ओळखता येतो. हे बघताना सहसा लक्षात येत नाही की ज्या यंत्रातून हे दृश्य टिपलं जातंय तेही तितक्याच वेगानं धावतंय. समजा दोघंही ताशी १८० किलोमीटरनं उडतायत, म्हणजे सेकंदाला ५० मीटर. पडद्यावरचं विमान स्थिर दिसतं, कारण दोघांच्या वेगातला फरक जवळपास शून्यावर धरून ठेवलेला असतो. तो फरक हळूच वाढायला लागला आणि कोणाच्या ध्यानात आला नाही, तर काय होतं, हे या लेखात सांगायचं आहे.

दोन किंवा अधिक विमानं ठरवून एकमेकांच्या जवळ, एकाच्या मागे-बाजूला राहून उडतात त्याला फॉर्मेशन म्हणतात. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीनं साजरा झाला, तेव्हा तारकर्लीच्या किनाऱ्यावर हजारो लोकांनी अशी उड्डाणं डोळ्यांनी पाहिली. ते वैमानिक वर्षानुवर्षं हेच शिकतात. चित्रीकरणासाठीचं फॉर्मेशन मात्र वेगळं असतं. तिथे दोन यंत्रं पुष्कळदा वेगवेगळ्या जातीची असतात, त्यांचे चालक कधीकधी त्याच सकाळी पहिल्यांदा भेटलेले असतात, आणि तिसरा माणूस, ज्याच्या हातात कॅमेरा आहे, सतत काहीतरी मागत असतो. आपल्या किनाऱ्यावर आता याचीच लहान आवृत्ती ड्रोननी रोज उडते आहे. लग्नं, रिसॉर्टच्या जाहिराती, बोटींच्या शर्यती, किल्ल्यांचे व्हिडिओ, सगळीकडे दोन-दोन ड्रोन. म्हणून मोठ्या विमानांचं गणित आधी समजून घेऊ, मग सड्यावर, म्हणजे कड्यावरच्या सपाट माळावर, आणि पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर येऊ.

साडेबारा सेकंद

समोर दुसरं विमान आहे हे दिसल्यापासून प्रत्यक्ष बाजूला सरकेपर्यंत किती वेळ लागतो? अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं वैमानिकांसाठी याचा हिशोब मांडून ठेवला आहे. डोळ्याला काहीतरी दिसणं, ते विमान आहे हे ओळखणं, आपण त्याच्यावर आदळणार आहोत हे उमगणं, कुठे वळायचं ते ठरवणं, हात हलणं आणि शेवटी विमानानं तो हुकूम मानणं, हे सगळं मिळून सुमारे १२.५ सेकंद. यातले तब्बल ५ सेकंद टक्कर होणार हे उमगण्यात जातात आणि ४ सेकंद निर्णय घेण्यात.

आता फॉर्मेशनकडे बघा. दोन विमानांत ३० मीटरचं अंतर आहे आणि एक विमान दुसऱ्याकडे सेकंदाला फक्त ५ मीटरनं सरकू लागलं. हा वेग सायकलचा आहे. तरी ६ सेकंदांत अंतर संपतं. साडेबारा सेकंदांचा हिशोब इथे लागूच पडत नाही. म्हणूनच फॉर्मेशनमधला मागचा वैमानिक लीडरवरून, म्हणजे ज्याच्या मागे-बाजूला राहायचं त्या पुढच्या विमानावरून, नजर काढत नाही. सरकणं दिसायच्या आतच तो हातातल्या दांड्यानं आणि इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटलनं बारीक बारीक दुरुस्त्या करत असतो.

पण नजर एकीकडे खिळली की बाकी सगळं सुटतं. इंधनाचा काटा, समोरचा डोंगर, खालून वर येणारी घार, दुसरीकडून येणारं तिसरं विमान. हे सगळं बघण्याची जबाबदारी लीडरची. म्हणजे मागच्या वैमानिकानं आपले डोळे लीडरला देऊन टाकलेले असतात. लीडर चुकीच्या दिशेनं गेला तर मागचाही जातो. टक्कर टाळणारी स्वयंचलित यंत्रणाही इथे कामाची नाही. दोन विमानं इतकी जवळ असली की ती सारखी ओरडत राहील.

आपल्याकडच्या तांडेलांना एक नियम पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. दुसरी होडी तुमच्या होडीच्या एकाच बाजूला, एकाच कोनात दिसत राहिली आणि मोठी होत गेली, तर ती तुमच्यावर येते आहे. जी पुढे किंवा मागे सरकताना दिसते ती निघून जाईल. समुद्रावरच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही हेच आहे आणि आकाशातही अक्षरशः हेच. काचेवर जागा न बदलणारा ठिपका सगळ्यात घातक असतो, आणि माणसाचा डोळा नेमका हलणाऱ्या गोष्टी पटकन पकडतो, स्थिर ठिपका सोडून देतो. शिवाय अंतर निम्मं झालं की आकार दुप्पट दिसतो. सेकंदाला २५ मीटरनं जवळ येणारं विमान ४०० मीटरवरून २०० वर यायला ८ सेकंद घेतं, १०० वरून ५० वर यायला २ सेकंद. म्हणजे बराच वेळ ते तेवढंच वाटतं आणि मग एकदम काच भरून टाकतं. फॉर्मेशनमध्ये सामील होताना आणि फुटताना धोका सर्वाधिक असतो, त्याचं एक कारण हे. सामील होणारा वैमानिक वेग आटोक्यात आणू शकला नाही तर त्यानं लीडरच्या मागून आणि खालून पलीकडे निघून जायचं, लीडर डोळ्यांसमोरून जाऊ द्यायचा नाही. स्वतःचं पोट लीडरकडे करून वळलात की लीडर तुमच्याच विमानाखाली झाकला जातो.

१९६६ सालचं एक छायाचित्रण

या विषयावर बोलताना ८ जून १९६६ चा अपघात टाळता येत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटावर पाच विमानं फॉर्मेशनमध्ये उडत होती. पाचांचीही इंजिनं एकाच कंपनीची होती आणि त्या कंपनीला प्रसिद्धीसाठी छायाचित्रं हवी होती. मधोमध होतं एक्सबी-७० हे प्रचंड, सहा इंजिनांचं प्रायोगिक बॉम्बर विमान. अशी विमानं जगात दोनच बनली होती. त्याच्या उजव्या पंखाशेजारी एफ-१०४ हे छोटं लढाऊ विमान घेऊन होता जो वॉकर. हा साधा वैमानिक नव्हता. १९६३ मध्ये एक्स-१५ या रॉकेट विमानातून तो दोनदा १०० किलोमीटरच्या वर जाऊन आला होता.

छायाचित्रण आटोपत आलं असताना वॉकरचं विमान बॉम्बरच्या पंखाच्या टोकाला लागलं, उलटं होऊन त्याच्या पाठीवरून गेलं आणि त्याची दोन्ही उभी शेपटं कापत गेलं. वॉकर तत्क्षणी गेला. मोठं विमान सुमारे १६ सेकंद काहीच न झाल्यासारखं सरळ उडत राहिलं आणि मग गरगरत कोसळलं. त्यातला एक वैमानिक जखमी होऊन वाचला, सहवैमानिक कार्ल क्रॉस वाचला नाही.

चौकशीतून दोन गोष्टी पुढे आल्या. एक म्हणजे वॉकरच्या जागेवरून मोठ्या विमानाचा पंख नीट दिसत नव्हता. तो पाहायला मान बरीच मागे वळवावी लागत होती. त्यामुळे आपण इंचाइंचानं सरकतोय हे त्याला कळलं नसावं. दुसरी म्हणजे हवेचे भोवरे. पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकावरून वरच्या बाजूला वळते आणि पंखाच्या टोकामागे भोवऱ्याची लांब दोरी सुटते. विमान जितकं जड, तितका भोवरा जोरकस. छोटं विमान त्या टोकाजवळ गेलं की त्याचा एक पंख उचलला जातो, दुसरा दाबला जातो, आणि वैमानिकाला ते हातानं रोखता येईलच असं नाही. हा भोवरा डोळ्याला दिसत नाही.

मला या घटनेत सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच वाटते. त्या उड्डाणाची खरी गरज काहीच नव्हती. कुठलीही चाचणी त्यावर अवलंबून नव्हती, हवे होते फक्त फोटो. परवानगीची साखळी नीट पाळली गेली नव्हती म्हणून नंतर अधिकाऱ्यांवर कारवाईही झाली. पण पाच उत्तम वैमानिक एका जागी जमले तेव्हा हे कशासाठी आणि इतक्या जवळून का, असा प्रश्न उड्डाण थांबेल इतक्या जोरानं कोणी विचारलेला दिसत नाही.

कॅमेरा अंतर खातो

कॅमेरा हाती घेतलेल्या माणसाला हवेतलं खरं अंतर कळत नाही. वाइड लेन्समधून जवळचं विमान दूर दिसतं, म्हणून तो वैमानिकाला म्हणतो, ‘अजून थोडं जवळ घ्या.’ वैमानिकानं घेतलं की चित्र खरोखरच सुधारतं. मग पुन्हा तीच मागणी. प्रत्येक वेळी काही न होता निभावतं आणि त्यामुळे आधीचं अंतर विनाकारण जास्त होतं असं सगळ्यांनाच वाटू लागतं. १०० मीटरपासून सुरू झालेलं उड्डाण अर्ध्या तासात २० मीटरवर येतं, आणि हा निर्णय कोणी घेतला असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. लांबची लेन्स लावून दूरून चित्र घेणं हा साधा उपाय आहे. यंत्र थोडं थरथरलं की चित्र हलतं, म्हणून तो टाळला जातो. पण आजकालच्या स्थिरक यंत्रणा, ज्यांना सगळे गिंबल म्हणतात, त्या यासाठीच तर आहेत.

प्रकाशाचंही तसंच. आपल्या किनाऱ्यावर सगळ्यांना संध्याकाळचं ऊन हवं असतं. सूर्य पश्चिमेला, समुद्रावर. विमानावर सोनेरी उजेड पडायला हवा तर कॅमेऱ्याचं यंत्र सूर्याच्या बाजूला, म्हणजे समुद्राकडे राहणार, आणि ज्याचं चित्र काढायचं ते किनाऱ्याकडे. आता किनाऱ्याकडच्या वैमानिकानं नजर कुठे खिळवायची? कॅमेऱ्याच्या यंत्रावर, म्हणजे थेट मावळत्या सूर्यात आणि पाण्यावरच्या चकाकीत. जे दृश्य पडद्यावर सगळ्यात देखणं दिसतं, त्या क्षणी समोरच्याला जवळजवळ काहीच दिसत नसतं. हा कोन मुंबईपासून गोव्यापर्यंत कुठेही गेलात तरी टळत नाही, कारण आपला समुद्र पश्चिमेलाच आहे. सूर्य अजून वर असताना, मावळण्याच्या तास-दीड तास आधी जवळची दृश्यं संपवावीत आणि अगदी शेवटच्या उजेडात अंतर वाढवून फक्त छायाकृती घ्याव्यात, असं मी नेहमी सांगतो.

९ मार्च २०१५ ला अर्जेंटिनात एका फ्रेंच टीव्ही कार्यक्रमाच्या चित्रीकरणात दोन हेलिकॉप्टरं उड्डाणानंतर थोड्याच वेळात एकमेकांना धडकली. हवा स्वच्छ होती. एक हेलिकॉप्टर दुसऱ्याचं चित्रण करत होतं. दहाही जण गेले. त्यांत ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकलेली जलतरणपटू कमिल मुफा होती, एकटीनं महासागर पार करणारी फ्लोरॉन्स आर्तो होती. त्याआधी २७ जुलै २००७ ला अमेरिकेतल्या फिनिक्स शहरावर दोन वृत्तवाहिन्यांची हेलिकॉप्टरं पोलिसांच्या पाठलागाचं चित्रण करताना धडकली आणि चौघं गेले. ते फॉर्मेशन नव्हतं, पण तिथल्या वैमानिकांकडे उडवण्याबरोबर थेट प्रक्षेपणात बोलण्याचंही काम होतं. एका माणसाकडे दोन कामं दिली की त्यातलं कुठलं मागे पडणार हे त्या क्षणी तो माणूससुद्धा ठरवू शकत नाही. हे वाक्य ड्रोनवाल्यांनी लक्षात ठेवावं. पुढे त्याकडे येतोच.

वळण, आणि गोव्यातली ती सकाळ

सरळ उडणं त्यातल्या त्यात सोपं. वळण आलं की गणित बदलतं. शाळेच्या कवायतीत रांग वळते तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पावलं मारतो आणि बाहेरच्याला धावावं लागतं, तसंच इथे आहे. लीडर ५०० मीटर त्रिज्येचं वळण ताशी १८० नं घेत असेल, तर ५० मीटर आतल्या विमानाला ताशी १६२ वर यावं लागतं आणि ५० मीटर बाहेरच्याला १९८ वर जावं लागतं. विमानाला पावलं मारत थांबता येत नाही. एका ठरावीक गतीखाली ते हवेत टिकत नाही, आणि वळताना ही किमान गती उलट वाढते : ४५ अंश कलून वळलं तर सुमारे १९ टक्क्यांनी. आतल्या वैमानिकाला एकीकडे वेग कमी करायचाय आणि दुसरीकडे वेग कमी करण्याची मुभा आटत चालली आहे. त्यात विमानाचे पंख छतावर असतील तर वळणाच्या आत कललेला पंखच त्याची नजर अडवतो. म्हणून कॅमेऱ्यासाठीचं वळण रुंद आणि सावकाश असावं, आणि वळतोय हे लीडरनं आधी सांगावं.

१ ऑक्टोबर २००२ ला गोव्यात दाबोळीवर नौदलाच्या एका स्क्वाड्रनचा रौप्यमहोत्सव होता. त्या स्क्वाड्रनची दोन आयएल-३८ विमानं, सागरी टेहळणीची चार इंजिनांची मोठी विमानं, मानवंदनेच्या फॉर्मेशनमध्ये उडताना एकमेकांना धडकली. दोन्ही विमानांतले १२ नौसैनिक गेले आणि जमिनीवरच्या लोकांचाही जीव गेला. ते चित्रीकरणाचं उड्डाण नव्हतं. पण आपल्याच किनाऱ्यावर, अनुभवी लोकांच्या हातून, स्वतःच्या घरच्या विमानतळावर हे घडलं. ‘आपल्याला काय, ओळखीचा भाग आहे’ असं कोणी म्हणालं की मला ही तारीख आठवते.

अशा उड्डाणात अनावश्यक माणूस नेऊ नये, हाही धडा त्यातच आहे. अमेरिकेच्या नियमांत तर भाडं देऊन बसलेला प्रवासी घेऊन फॉर्मेशन करायला सरळ मनाई आहे, आणि प्रत्येक विमानाच्या प्रमुख वैमानिकाशी आधी ठरवल्याशिवाय फॉर्मेशन करताच येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांतही आधी ठरवणं सक्तीचं आहे.

हेलिकॉप्टरचं दार उघडं ठेवून चित्रण करायचं असेल तर आणखी एक मुद्दा आहे, आणि समुद्रावर तो जीवनमरणाचा आहे. ११ मार्च २०१८ ला न्यूयॉर्कमध्ये उघड्या दारातून फोटो काढण्यासाठी नेलेलं हेलिकॉप्टर नदीत उतरवावं लागलं आणि उलटलं. एका प्रवाशाच्या पाठीचा पट्टा इंधन बंद करणाऱ्या खटक्यात अडकल्यानं इंजिन बंद पडलं होतं. वैमानिक बाहेर पडला. पाचही प्रवासी ज्या पट्ट्यांनी सुरक्षित बांधले होते त्याच पट्ट्यांत अडकून बुडाले. तेव्हा पडू नये म्हणून बांधलेला पट्टा पाण्याखाली, उलटं लटकलेलं असताना, एका हातानं सुटतो का, हे जमिनीवर डोळे मिटून करून पाहिल्याशिवाय कोणीही दारात बसू नये.

सडा, पुळण आणि दोन ड्रोन

आता आपल्या रोजच्या कामाकडे. ड्रोनमध्ये माणूस बसलेला नसतो, म्हणून दोन ड्रोन धडकले तर फार तर पैसे जातात असं वाटतं. पण ते पडतात कुठे? वऱ्हाडाच्या डोक्यावर, होडीत, जेटीवरच्या गर्दीत. प्रोपेलर फिरत असलेला दीड-दोन किलोचा ड्रोन चाळीस मीटरवरून पडला तर तो माणसाचं काय करतो हे सांगायला नको.

पहिला सापळा उंचीचा आहे आणि तो खास आपल्या भूगोलाचा आहे. ड्रोनच्या पडद्यावरची उंची सहसा समुद्रसपाटीपासून मोजत नाहीत, जिथून उडवला तिथून मोजतात. आरे-वारेसारख्या ठिकाणी एक जण सड्यावरून उडवतो, दुसरा खाली पुळणीवरून. समजा सडा ६० मीटर उंच आहे. वरच्याच्या पडद्यावर ३० मीटर दिसतंय, खालच्याच्या पडद्यावर ९०. दोघं फोनवर बोलतात, आकडे जुळवतात आणि खूश होतात की मध्ये ६० मीटरची फट आहे. प्रत्यक्षात दोन्ही ड्रोन एकाच उंचीवर आहेत. उपाय फुकट आहे : दोन्ही ड्रोन एकाच जागेवरून उडवा. जमत नसेल तर उंचीवर विसंबू नका, आडवं अंतर ठेवा.

दुसरा सापळा वाऱ्याचा. दुपारी खारा वारा समुद्राकडून येतो, कड्यावर आपटतो आणि कड्यापुढे वर चढतो. कडा ओलांडला की सड्याच्या काठामागे तोच वारा खाली कोसळतो, घुसळतो. एक ड्रोन कड्यापुढे आणि दुसरा कड्यामागे थोडा वर असेल, तर पहिला उचलला जातो आणि दुसरा दाबला जातो. उभं अंतर पाच-दहा मीटरचं असेल तर ते कुठे गेलं ते कळत नाही. तसंच एक ड्रोन दुसऱ्याच्या बरोबर खाली कधीही ठेवू नये. वरच्यानं खाली ढकललेल्या हवेत खालच्याला पुरेसा आधार मिळत नाही आणि तो डगमगत खाली जातो.

पहाटेचा वारा वेगळा. तेव्हा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. ड्रोन होड्यांमागे झरझर बाहेर जातो, बॅटरी फारशी खर्च होत नाही, आणि परतताना तोच वारा तोंडावर येतो. दुपारी याच्या उलट : जाताना कष्ट, येताना सोपं. म्हणून माझ्या मते पहाटेची दृश्यं दुपारपेक्षा जास्त जपून करावीत, जरी समुद्र तेव्हा शांत आणि हवा गोड वाटत असली तरी. बॅटरी कमी झालेला ड्रोन सरळ रेषेत घराकडे धावतो आणि त्या रेषेवर दुसरा ड्रोन आहे का हे बघत नाही.

इथेच तिसरा सापळा येतो, ज्याला सगळे ‘रिटर्न टू होम’ म्हणतात. संपर्क तुटला की ड्रोन आधी ठरवून दिलेल्या उंचीवर चढतो आणि उडवल्या जागी परततो. दोन्ही ड्रोनमध्ये ही उंची कंपनीनं दिलेली तशीच राहिली असेल, तर दोघांचा संपर्क एकदम तुटल्यावर दोघंही त्याच उंचीवर चढून त्याच बिंदूकडे येतील. दोन्हींची परतीची उंची निदान २० मीटरनं वेगळी लावणं हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आणि होडीवरून उडवला असेल तर होडी पुढे गेलेली असते. ड्रोन प्रामाणिकपणे पाण्यावर उतरतो.

अडथळे टाळणाऱ्या सेन्सरवर भरवसा ठेवून दोन ड्रोन जवळ आणणारे पुष्कळ आहेत. हे सेन्सर भिंत, झाड ओळखतात. बारीक दोरी, तार, बाजूनं येणारा लहान ड्रोन ते ओळखतीलच असं नाही. समोर सूर्य असेल किंवा खाली चकाकतं पाणी असेल तर आणखीच फसतात. पॅरासेलिंगच्या छत्रीजवळ ड्रोन नेण्याला माझा ठाम विरोध आहे. ताणलेली दोरी पडद्यावर दिसतच नाही आणि वर लटकलेल्या माणसाला बाजूला होण्याची सोय नसते.

घारींचंही सांगायला हवं. हर्णैला लिलावाच्या वेळी, मासळी सुकवायच्या खळ्यांवर, जिथे जिथे मासळी तिथे तिथे घारी आणि कुरव. शिकारी पक्षी ड्रोनवर झेपावतात. चालक घाबरून ड्रोन झटकन वर घेतो. एकटा ड्रोन असेल तर ते ठीक, पण वर दुसरा थांबलेला असेल तर घारीपासून सुटका त्याच्यावरच जाऊन संपते. पक्ष्यांच्या गर्दीत दोन ड्रोन नकोतच. विणीच्या दिवसांत समुद्री गरुडाच्या घरट्याजवळ तर एकही नको.

आणि किनाऱ्यावरून हेलिकॉप्टरं कमी उंचीवरून जातात. रत्नागिरीत तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे, गोव्यात नौदलाचा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हिरव्या क्षेत्रात ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. चिपी, रत्नागिरी, मोपा, दाबोळी या विमानतळांच्या आसपास उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघणं म्हणूनच गरजेचं. नौदलाच्या आस्थापनांभोवतीचे निर्बंध वेगळे, किल्ल्यांसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी. पैसे घेऊन दोन किलोपर्यंतचा मायक्रो ड्रोन उडवायचा असला तरी रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. त्याला हौशीची सवलत नाही. ड्रोन सतत डोळ्यांना दिसत राहिला पाहिजे ही अट कागदी वाटते, पण जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यात आग विझवणाऱ्या विमानाच्या पंखाला एका छोट्या ड्रोननं भोक पाडलं. तो ड्रोन सुमारे अडीच किलोमीटर दूर गेला होता आणि चालकाच्या नजरेबाहेर होता. विमान उतरवून ठेवावं लागलं, तेही आग पेटलेली असताना.

जमिनीवर ठरवायच्या गोष्टी

हवाई कसरतींचे संघ उड्डाणापूर्वी जमिनीवर चालून पाहतात. प्रत्येक जण आपल्या जागेवर उभा राहतो, लीडर वळणं बोलून दाखवतो आणि सगळे त्याप्रमाणे पावलं टाकतात. पुळणीवर हे आणखी सोपं आहे. वाळूत रेघा ओढा, दोन चालक, दिग्दर्शक आणि कॅमेरावाला यांनी सगळा शॉट पायी करून बघा. कोण लीडर आणि कोण त्याच्या मागं, हे एकदा ठरलं की उड्डाणात बदलायचं नाही. एक जण सरळ, एका वेगानं जाणार, दुसरा त्याच्याशी जुळवून घेणार. दोघांनी एकाच वेळी एकमेकांशी जुळवून घ्यायचा प्रयत्न केला की गोंधळ निश्चित. बरेच व्यावसायिक छायाचित्रकार तर कॅमेऱ्याचं विमानच लीडर करतात आणि ज्याचं चित्र काढायचं त्याला शेजारी येऊन राहायला सांगतात.

किमान अंतर आकड्यात ठरवा आणि ते हवेत कमी करायचं नाही असंही ठरवा. वाढवता येईल. जवळचं दृश्य हवंच असेल तर खाली उतरून, पुन्हा बोलून, मग. दिग्दर्शकाची सूचना थेट हवेतल्या चालकाला जाता कामा नये. ती लीडरकडून जावी, म्हणजे मध्ये एक माणूस ‘नाही’ म्हणायला शिल्लक राहतो. ड्रोनच्या कामात प्रत्येक चालकाशेजारी एक निरीक्षक हवा, ज्याची नजर पडद्यावर कधीच जात नाही, फक्त आकाशात असते. फिनिक्सचा मुद्दा हाच होता.

समोरचा दिसेनासा झाला की काय करायचं हेही आधीच ठरलेलं असावं. विमानांत मागचा वैमानिक तसं बोलतो आणि ठरलेल्या बाजूला, लीडरपासून दूर वळतो. शोधत बसत नाही. ‘नॉक इट ऑफ’, म्हणजे ‘लगेच थांबवा’, हे शब्द कोणीही उच्चारले, अगदी पहिल्याच दिवशी कामाला आलेल्या पोरानं उच्चारले, तरी सगळे आपापल्या ठरलेल्या दिशेनं अलग होतात. का थांबवलं याची चर्चा खाली उतरल्यावर, आणि थांबवणाऱ्याला त्यासाठी टोचून बोलायचं नाही. माझ्या पाहण्यात चांगली टीम ओळखायची सगळ्यात पक्की खूण हीच आहे. यंत्रं महाग आहेत की स्वस्त, यावरून काही कळत नाही.

तुम्ही चित्रीकरण करणारे नसाल, फक्त पैसे देणारे असाल, म्हणजे मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ हवा असणारे वडील किंवा होमस्टेची जाहिरात करणारे मालक, तरी काम देण्याआधी चार प्रश्न विचारू शकता. दोन ड्रोन एका जागेवरून उडणार का? परतीची उंची वेगळी लावलीय का? पडद्याकडे न बघणारा माणूस कोण? पाहुण्यांच्या डोक्यावरून एकही ड्रोन जाणार नाही असा रस्ता आखलाय का? ज्यांनी हे काम मनापासून शिकलंय ते खुशीनं उत्तर देतात, काही जण वाळूत रेघा ओढूनही दाखवतील. उत्तर आलं नाही तर त्यांना एकाच ड्रोननं काम करायला सांगा.